ग्रंथालयातून बोलतेय

आमच्या कॉलेजात सकाळी अकरा वाजले की सगळे वर्ग थोडे थांबत. तास बंद करायचा असा काही नियम नव्हता. पण व्हरांड्यातल्या कर्ण्यातून आधी खरखर ऐकू येई, मग कुणीतरी घसा साफ करी, आणि मग तो आवाज: "ग्रंथालयातून बोलतेय. आधी ठळक बातम्या." यानंतर तुम्ही फळ्यावर काहीही लिहा, मुलं तुमच्याकडे बघत नाहीत. मी इतिहास शिकवतो. मोठमोठी साम्राज्यं या आवाजापुढे मला अर्ध्यावर सोडून द्यावी लागली आहेत.

हा आवाज आमच्या ग्रंथपालबाईंचा. सगळं कॉलेज त्यांना आपा म्हणे, प्राचार्यसुद्धा. मूळच्या जळगावच्या. वडील तिथे पुस्तकांची बांधणी करत, वह्या शिवत. लहानपण खळीच्या वासात गेलेलं. नोकरीसाठी धुळ्यात खोली घेऊन राहिल्या, पण शनिवारी दुपारी जळगावची एसटी कधी चुकवली नाही. जळगावचं सोनं, जळगावची डाळ, जळगावचं भरीत, ही तिन्ही जगात श्रेष्ठ आहेत असं त्यांचं मत होतं, आणि धुळेकर म्हणून मी त्यावर वाद घालावा अशी त्यांची अपेक्षा असे. मी घालत असे. हरत असे.

कर्णा खरं तर राष्ट्रगीतासाठी आणि फीच्या सूचनांसाठी बसवलेला. आपांनी तो कधी ताब्यात घेतला हे कुणाला आठवत नाही. त्यांच्या बातम्या मात्र सगळ्यांना आठवतात. "रसायनशास्त्राच्या जाड पुस्तकाची पाठ मोडली होती. काल बसवली. आता तब्येत बरी आहे, पण दोन दिवस कुणी उताणं ठेवू नये." "नवी पुस्तकं आली आहेत. गठ्ठा अजून फोडलेला नाही, कारण गठ्ठा फोडताना बघायला मुलींना आवडतं आणि आज त्यांची परीक्षा आहे." कधी कधी बातमीत आम्हीही असू. "काल हिरव्या शर्टातल्या एका सरांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. पुस्तकाने तक्रार केलेली नाही, पण मी करते आहे." नाव घेत नसत. घ्यायची गरजही नव्हती. त्या दिवशी कॉलेजात हिरवा शर्ट एकच होता आणि तो आत्ताही माझ्याकडे आहे.

वाचनकक्षात त्या कुणाला कधी गप्प बसा म्हणाल्या नाहीत. जिथे गडबड चाले तिथे जाऊन बसत आणि आपलं पुस्तक उघडून वाचू लागत. इतक्या मन लावून वाचत, की बाजूचा मुलगा आपोआप वाकून बघे काय आहे ते. बरेचदा तेच पुस्तक तो घरी घेऊन जाई. "कपाटातलं पुस्तक म्हणजे सुटीवर गेलेला माणूस," त्या म्हणायच्या. "आणि आपल्याकडे सुट्या फार झाल्या आहेत, सर."

मधे साथीत कॉलेजं बंद पडली, मुलं घरी बसली. कर्ण्याचा काही उपयोग उरला नाही. आपांनी त्या काळात बातम्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. रोज अकराला सगळ्या वाचकांच्या ग्रुपवर त्यांचा आवाज जाई. आता आमच्या मुली येतात सोनगीरच्या अलीकडच्या-पलीकडच्या खेड्यांतून, आणि घरात फोन एकच असतो. त्यामुळे ही वार्ता आईच्या कानावर पडे, आजीच्या पडे, कांदा निवडायला आलेल्या शेजारणीच्या पडे. कॉलेज पुन्हा सुरू झालं, कर्णा पुन्हा खरखरू लागला, पण फोनवरची बातमीही थांबली नाही. ज्या बायकांनी आमच्या कॉलेजचं फाटकसुद्धा पाहिलेलं नव्हतं, त्यांना कोणतं पुस्तक कुठे गेलंय हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असे.

मग त्या बायका पुस्तकं मागू लागल्या. आपांनी ताबडतोब एक नवी सोय काढली: घरकार्ड. कार्ड मुलीच्या नावावर नाही, घराच्या नावावर. घरातल्या कुणीही पुस्तक मागवावं, मुलीने न्यावं, संध्याकाळी शेंगा फोडता फोडता वाचून दाखवावं. मुलगी कॉलेज संपवून गेली तरी कार्ड चालूच. या घरकार्डाचा आपांना फार अभिमान. इतर कॉलेजांतली मंडळी आली की त्या आमची कपाटं दाखवत नसत, नकाशा दाखवत. जिथे जिथे कार्ड गेलं, त्या त्या गावावर लाल ठिपका. त्या ठिपक्यांकडे बघून मलाही बरं वाटायचं, कबूल करतो. कॉलेजने माझ्या खात्यासाठी साधा जगाचा नकाशा घेतलेला नव्हता तरीसुद्धा.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. शेजारणीचं भांडं आपल्या घरी आलं तर ते रिकामं परत जात नाही. वाटीत साखर आली असेल तर परत जाताना त्यात शेंगदाणे जातात, ते नसतील तर चार मिरच्या, पण काहीतरी जातंच. सोनगीर म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. त्या पट्ट्यात तर ही रीत फारच पक्की. बायकांनी पुस्तकाला हाच हिशेब लावला. आलंय दुसऱ्याच्या घरून, जायचंय परत, मग रिकामं कसं जाईल?

पुस्तकांबरोबर वस्तू येऊ लागल्या. ज्वारीचे बिबडे, ओल्या शेंगा, कांद्याची पात, भरिताची हिरवी वांगी. आपा त्या घेत आणि दुसऱ्या दिवशी बातमीत पोच देत. "राज्यघटनेचं पुस्तक परत आलं. सोबत मेथीची जुडी. दोन्ही चांगल्या स्थितीत." पहाटेच्या गाडीने येणाऱ्या पुष्कळ मुली डबा न घेताच येतात. त्यामुळे शुक्रवारी ग्रंथालयाच्या मागे कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली जात आणि मुलींचं भरीत-भाकरीचं जेवण होई. ग्रंथालयाच्या भिंतीला लागून जाळ, आणि तो पेटवणारी खुद्द ग्रंथपाल. मी एकदा म्हटलं, आपा, नालंदा अशीच गेली. त्यांनी मला ताट वाढून दिलं आणि मी विषय पुढे नेला नाही.

मग व्हायचं ते झालं. कुणीतरी संस्थेच्या कानावर घातलं, की ग्रंथपाल विद्यार्थिनींकडून भाजीपाला घेतात, आणि दिल्याशिवाय पुस्तक देत नाहीत. यातला दुसरा भाग साफ खोटा होता. पण पहिला खरा होता, आणि रोज कर्ण्यावरून त्याची जाहिरात होत होती. संस्थेने चौकशीला आपले एक जुने सभासद पाठवले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. पांढरी टोपी, स्वतः कसणारे शेतकरी, बोलायला थोडे आणि ऐकायला पक्के. त्यांच्याबरोबर प्राचार्य आणि शिक्षकांतर्फे मी.

चौकशीच्या सकाळी कर्णा वेळेवर खरखरला. "ग्रंथालयातून बोलतेय. आधी ठळक बातम्या. आज ग्रंथपालांची चौकशी आहे. तिच्यामुळे वाचकांची गैरसोय होणार नाही. देवघेव नेहमीप्रमाणे सुरू राहील." प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. नाना मात्र कर्ण्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं मिशीत हसले.

नानांनी सरळच विचारलं, वस्तू घेता का. आपा म्हणाल्या, घेते. का घेता? त्यांनी भांड्याची रीत सांगितली. नाना म्हणाले, ही रीत तुम्ही मला सांगता? माझी आई वाटीभर ताक परत करायची तर वर गुळाचा खडा ठेवायची. आम्हाला वाटलं, झालं, सुटल्या. पण म्हातारा थांबला नव्हता.

"मला एक सांगा आपा," ते म्हणाले. "ज्या घरात द्यायला काहीच नसतं, ते घर काय करतं?"

आपा उठल्या, कपाटाजवळ गेल्या, रिकाम्या जागांवरून हात फिरवत राहिल्या. उशीर झालेली पुस्तकं कुणाकुणाकडे आहेत हे त्यांना पाठ होतं. कुणाचं शेत पाण्याविना पडलंय, कुणाकडे फक्त मजुरी आहे, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. परत येऊन त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ते घर पुस्तक ठेवून घेतं, नाना. आणि दुसरं न्यायला येत नाही. माझ्या लक्षात आलं नाही."

निकाल तिथेच झाला. वस्तू आजपासून बंद. घरकार्ड चालू ठेवायचं, पण महिनाभर. तेवढ्यात पुस्तकं परत यायला लागली नाहीत, किंवा आणखी एक जरी तक्रार आली, तर घरकार्डही बंद. नानांनी हे रागाने सांगितलं नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आपांनी सगळं जसंच्या तसं बातमीत सांगितलं. "ग्रंथपालांची चूक झाली" हे वाक्य त्यांनी ठळक बातम्यांत घेतलं होतं. स्वतःच्या चुकीची बातमी एवढ्या स्वच्छ आवाजात मी दुसऱ्या कुणाला देताना ऐकलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही वाटली.

भीती खरी ठरली. वस्तू थांबल्या आणि पुस्तकंही थांबली. मुली रिकाम्या हाताने यायच्या. आई म्हणते पुढच्या आठवड्यात. आजी म्हणते असं कसं धाडू. कपाटांत भोकं पडत चालली. नकाशावरचे लाल ठिपके होते तिथेच होते, पण आपा त्याच्याकडे पाठ करून बसायला लागल्या. मी म्हटलं, दंड लावा. त्या म्हणाल्या, "दंड लावला की पुस्तक येईल, सर. घर येणार नाही."

शेवटी एका दुपारी मला म्हणाल्या, तुमची स्कूटर काढा. महामार्गाच्या कडेने वाऱ्यात आम्ही सोनगीरच्या बाजूच्या एका खेड्यात गेलो. घर साधं, पत्र्याचं. आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचं. तिची आई ओसरीवर होती. आमचं पुस्तक आतल्या फळीवर घासलेल्या तांब्या-पितळेच्या ओळीत, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. आपांनी विचारलं, वाचून झालं ना, मग दिलं का नाही? बाई ओशाळली.

"दुसरानं भांडं रिकामं कसं धाडू, आपा?" ती म्हणाली. "आते घरमा काहीच नही. कांदा निंघना म्हंजे धाडसू."

मग तिने आम्हाला कोरा चहा दिला आणि तो पिऊन होईपर्यंत सगळ्या गावाची खबर दिली. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणत्या दोन जावा इतक्या वर्षांनी एकमेकींशी बोलू लागल्या. बोलायला लागली तसं बाईचं ओशाळलेपण पार गेलं. आपा चहा विसरून ऐकत होत्या. निघताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, हे आत्ता मला दिलंस तेच दे. पुस्तकासोबत तेच पाठव.

दुसऱ्या दिवशी अकराला ठळक बातमी एकच होती. "आजपासून पुस्तक परत करताना सोबत एक बातमी पाठवावी. भाजी नको, शेंगा नकोत. बातमी घरची हवी आणि खरी हवी. छोटी चालेल." मी स्टाफरूममध्ये म्हटलं की हे काही चालणार नाही. माझ्या म्हणण्यावर आमच्या कॉलेजात कुणी फारसं अवलंबून नसतं, ते बरंच आहे.

कारण पुस्तकं यायला लागली. द्यायला काहीतरी होतं, आणि ते प्रत्येक घरात होतं. मुली काउंटरवर पुस्तक ठेवायच्या आणि पाठ केलेली बातमी म्हणून दाखवायच्या. आमच्या शेळीला जुळं झालं. माझ्या आजोबांनी तंबाखू सोडली, म्हणजे कमी केली. आत्याचा मोतीबिंदू निघाला, तिला आता सून नीट दिसते आणि म्हणून भांडण वाढलंय. आपा एकेक बातमी पारखून घेत. अफवा परत पाठवत. "ही ऐकीव आहे, घरची आण." अकराला गावोगाव बायका फोनभोवती बसून आपापली बातमी कधी लागते याची वाट बघत. नाना एकदा सहज चक्कर टाकून गेले, भरलेली कपाटं एकेक करून बघितली. महिना अजून पुरा व्हायचा होता.

त्याच आठवड्यात ती सोनगीरकडची आई स्वतः आली. आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात आली असावी. दारात चपला काढून आत आली. मागे तिची मुलगी. ही मुलगी रोज पहाटे महामार्गाशेजारच्या कच्च्या रस्त्याने धावते आणि दुपारी आमच्याकडे भरतीची पुस्तकं वाचत बसते, हे आम्हाला माहीत होतं. आईने फडक्यातून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "मन्ही आंडेर पोलीस भरतीले बसी ऱ्हायनी. हाई बातमी लाव."

आंडेर म्हणजे लेक. आपांनी लेकीकडे पाहिलं. फॉर्म भरलाय? मुलगी हो म्हणाली. मग आपांनी आईला विचारलं, वडिलांना सांगितलंय?

"नही," ती म्हणाली. "तू सांग. मंग ठरी जाई."

मी शेजारीच वर्तमानपत्र चाळत होतो. मी आपांना बाजूला घेतलं. म्हटलं, हे करू नका. उद्या तो बाप भडकून नानांकडे गेला की घरकार्ड गेलं. एवढी सगळी घरं एका बातमीपायी जातील. त्यांनी ऐकून घेतलं. नकाशाकडेही एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "बातमी खरी आहे, सर. घरची आहे. ती अडवणारी मी कोण?" आणि मुलीला विचारलं, तुझ्या गावाचं नाव घेऊ? मुलीने आईकडे बघितलं आणि घ्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कर्ण्याची खरखर झाली तेव्हा मी वर्गात होतो आणि मला पुढचं वाक्य आठवेना. "ग्रंथालयातून बोलतेय. आधी ठळक बातम्या." गावाचं नाव. मग: "तिथल्या आमच्या एका वाचक घरातली मुलगी पोलीस भरतीला बसते आहे. तिच्या आईने ही बातमी स्वतः येऊन दिली. ग्रंथालयाला या घराचा अभिमान वाटतो." एवढंच. पुढे बांधणीची खळ संपल्याची बातमी होती.

बाप त्याच दिवशी दुपारी आला. उंच, उन्हाने रापलेला माणूस, अंगावर शेतातलीच बंडी, कांद्यात होता तसाच निघून आलेला. वाचनकक्षातल्या मुली पुस्तकातून मान वर न करता त्याच्याकडे बघत होत्या. प्राचार्य शिपायामागे येऊन उभे राहिले. मी माझी खुर्ची आपांच्या काउंटरजवळ ओढली, म्हणजे भांडण झालं तर थोडी बोलणी मलाही खाता यावीत म्हणून. आपा उठून उभ्या राहिल्या.

"हाई बातमी तुम्ही लायी?" त्याने विचारलं.

आपा हो म्हणाल्या. खरी आहे, आणि मीच वाचली.

"अकरापाईन बठ्ठा गाव माले इचारी ऱ्हायना," तो म्हणाला. "पोर कव्हय पोलीस व्हई म्हने. पारवरना म्हातारास्नी उठीसन राम राम करा माले. मी काय सांगू? माले तं काहीच म्हाईत नही." तो थांबला. टोपी काढली, परत घातली. रागवायचं ठरवून आला होता, आणि येताना वाटेत कुठेतरी तो राग कमी झाला होता. कुठे, ते त्यालाही कळलं नसावं. म्हाताऱ्यांनी उठून राम राम केला, हे सांगतानाच त्याचा आवाज हलला होता. मग इकडेतिकडे कपाटांकडे बघत, जरा हळू आवाजात त्याने विचारलं, "पयानं पुस्तक शे का तुम्हनाकडे? भरतीले पयनं कसं, त्यानं?"

धावण्याचं पुस्तक होतं. खेळाच्या कपाटात, फारसं कुणी न नेलेलं. आपांनी ते आणलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं. इतकी वर्षं मी इतिहास शिकवतो, पण आमच्या कॉलेजात काहीतरी घडतंय असं मला त्या दुपारी वाटलं.

तो पुस्तकाला हात लावीना. आधी दोन्ही तळवे बंडीला पुसले. "माले वाचता येत नही," म्हणाला. "पन वाची दाखाडाले घरमा पोर शे." मग काहीतरी आठवून घाबरल्यासारखा थबकला. घरच्या बाईने नियम सांगितला असणार. "परत देवाले येसू तवय काय बातमी आनू?"

"ती भरती झाली, ही आणा," आपा म्हणाल्या. "दुसरी कुठलीही मी घेणार नाही."

त्याने मनातल्या मनात बराच हिशेब केला. "मंग येळ लागी, आपा."

"लागू द्या," आपा म्हणाल्या, आणि परतीच्या तारखेची जागा कोरी सोडून त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला.